अर्धा आटा

मिस्त्रींबद्दल सांगायचं तर आधी माझ्याबद्दल दोन शब्द सांगावे लागतील, आणि नेमकं तेच सांगताना तोंड लपवावंसं वाटतं. पण लपवालपवीनंच सगळा घोळ घातला, तेव्हा आता पुरे झालं.

मी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो. समोरून पट्ट्यावर बाटल्या सरकत यायच्या, त्यांच्या मागे पांढऱ्या उजेडाचा पडदा, आणि अलीकडे स्टुलावर मी. काचेत बुडबुडा, गळ्याला तडा, बूड तिरपं, काहीही दिसलं की बाटली उचलायची आणि खोक्यात फेकायची. कारखान्यात मला 'घार' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण मला ठाऊक होतं आणि खरं सांगतो, आवडायचं. दुसऱ्याच्या चुका काढण्याचा पगार घेतला मी. निवृत्त झालो तरी खोड जाईना. दाराचा रंग एकसारखा लागलेला नाही, शेजारच्या कुंपणाचा खांब कललाय, चहात साखर अर्धा चमचा जास्त पडलीय. आमची ही म्हणायची, "अहो, कारखाना सुटला ना? मग आता आम्हालाही सोडा की!"

घरामागे आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. वीस पावलं लांब, आठ रुंद. तिथे मी टोमॅटो लावले, भोपळ्याचा वेल चढवला, आणि उंदीर आले. बरं, आले तर आले, एखादा टोमॅटो अख्खा खाऊन जावं की नाही? नाही! प्रत्येकाला एकेक चावा. सकाळी बघावं तर पिकलेला एकूण एक टोमॅटो उष्टा. अरे मेल्यांनो, चाखून काय बघताय, तपासनीस मी का तुम्ही? माझं डोकंच फिरलं. हिला म्हटलं, "एअर रायफल आणतो. उंदीरही जातील आणि माझा वेळही जाईल. कागद लावून नेमबाजी करीन."

ती म्हणाली, "त्यापेक्षा पिंजरा आणा ना."

"पिंजरा लावायला काय अक्कल लागते? नेम लागतो त्याला माणूस म्हणतात," मी म्हणालो. असलं काहीतरी बोलायचो मी, आणि वर समोरच्यानं मान डोलवावी अशी अपेक्षा.

आणि आतली गोष्ट वेगळीच होती. वर्षभर माझ्या उजव्या डोळ्यापुढे धुरकट झालं होतं. रस्त्यावरचे दिवे पसरट दिसायचे, माणसाचा चेहरा जवळ आल्याशिवाय लागायचा नाही. पेपर मी डाव्या डोळ्यानं वाचायचो आणि कुणाचं लक्ष गेलंच तर उजवा चोळायचो, जसा काही कचरा गेलाय. डॉक्टरकडे जायचं तर हिला सांगावं लागणार, आणि हिला सांगितलं की चार लोकांत होणार. घारीला मोतीबिंदू! छे. नुसत्या विचारानं कानशिलं तापायची. रायफल घ्यायची होती ती उंदरांपेक्षा जास्त मला स्वतःलाच काहीतरी दाखवून द्यायला, हे आज कळतं.

बाजाराच्या रस्त्यावर खेळाच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे. पुढे चेंडू, रॅकेटी, जाळ्या, बूट. मागे बोळासारखी एक लांबट खोली, आणि तिथे मिस्त्री. साठी उलटलेली, बुटकी सडसडीत मूर्ती, खिसेच खिसे असलेला निळा एप्रन, आणि एखाद्याच्या कानावर पेन्सिल असते तसा यांच्या कानावर बारीक स्क्रूड्रायव्हर. आताच्या मालकाच्या वडिलांच्या काळात रॅकेटी विणायला म्हणून लागले ते तिथेच राहिले. लग्न केलं नाही, थोरल्या बहिणीकडे राहायचे. रायफलींचं सगळं त्यांच्याकडे: स्प्रिंग बदलणं, वॉशर घालणं, साइट जुळवणं. बोलणं कमी. काहीही विचारा, पहिलं उत्तर "बघू या." स्क्रू आवळून झाला की त्यावर अंगठा दाबून बघायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "बसला." प्रत्येक स्क्रूला. तासाभरात मी ते दहा वेळा ऐकलं आणि वैतागलो.

"रायफल कशाला हवी?" त्यांनी विचारलं.

"उंदीर आहेत. आणि नेमबाजी."

"किती पावलांवरून?"

"पंधरा धरा."

"पलीकडे काय आहे? म्हणजे नेम चुकला तर छर्रा कुठे जाणार?"

"लोखंडी पाण्याची टाकी आहे. तुम्हाला काय करायचंय? रायफली दाखवा आधी!"

मी दुसऱ्याच कुणावर ओरडलो असेन अशा थंडपणे त्यांनी भिंतीवरून एक हलकी रायफल काढली. "पंधरा पावलांना ही भरपूर. छर्रा लहान, धक्का कमी, नळी दुमडून छर्रा भरायला जोर लागत नाही. जड घेतली की हात दमतात, आणि हात दमले की नेम जातो. आधी महिनाभर कागदावरच मारा. उंदीर एका छर्र्यात मेला पाहिजे हो, नाहीतर कुठेतरी जाऊन दोन दिवस तडफडतो. आणि टाकीच्या दिशेनं नका मारू. कडक वस्तूला लागला की छर्रा उलटा येतो. मागे जुनी गादी टांगा, नाहीतर मातीनं भरलेलं खोकं ठेवा."

"आणि ती?" मी वरच्या, जाड दस्त्याच्या रायफलीकडे बोट केलं.

"ती जोरकस आहे. तुम्हाला नको ती."

मला नको! हे हा ठरवणार? झालं, आता तीच घ्यायची.

मिस्त्रींची एक पद्धत होती. रायफल बांधून देण्याआधी गिऱ्हाइकानं त्या खोलीत पाच छर्रे मारायचे. टोकाला मातीचं खोकं, त्यावर वर्तुळं छापलेला कागद. मग त्याच रायफलीनं मिस्त्री स्वतः पाच मारणार. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कळतं, खोट रायफलीत आहे की मारणाऱ्यात. गिऱ्हाइकाचा कागद गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा, दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही, मालकालासुद्धा नाही. "नेम खाजगी असतो," असं ते म्हणायचे.

त्यांनी ती जड रायफल उतरवली, मागची साइट जुळवली, म्हणजे नेम धरताना जिच्या खाचेतून बघतात ती पट्टी, आणि तिचा स्क्रू आवळला. अंगठा दाबला. "बसला." मी पाच मारले. पाचही भरकटले, एक तर कागदाच्याही बाहेर गेला. दिसत कुठे होतं? उजव्या डोळ्याला एक करडा डाग दिसत होता, त्या डागावर मी मारत होतो. मिस्त्रींनी कागद काढून आणला. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे म्हणजे माझ्या उजव्या डोळ्याकडे. मग कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्यापुढे धरला.

"हा तुमचा. घरी जाऊन वाचा. आता मी पाच मारतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षं मी खोक्यात बाटल्या फेकल्या, आणि हा मला खोक्यात फेकत होता. "ठेवा तुमच्याकडेच तो कागद. मला घाई आहे," म्हणालो आणि मालकाला हाक मारली. "अहो, तुमचा माणूस रायफली विकायला बसलाय की परीक्षा घ्यायला?"

मालक तरुण पोरगा, गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून धावत आला. "मिस्त्री, पुरे. बांधून द्या साहेबांना."

"अजून मी मारून बघितली नाही."

"बांधून द्या हो."

त्यांनी माझा कागद खणात ठेवला आणि रायफल फडक्यात गुंडाळून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. "गादी टांगा हं," एवढंच म्हणाले.

गादी मी टांगली नाही. ते सांगायलाच नको.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खुर्ची टाकून बसलो होतो. भोपळ्याच्या वेलाखाली, टाकीच्या अलीकडे, करडं काहीतरी बसलेलं दिसलं. आला साला! नेम धरला, श्वास रोखला, मारला. टाकीवर ठण्ण आवाज झाला आणि कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडलं, "आई गं!"

शेजारी एक नर्स राहते, चाळिशीतली, इस्पितळातली सकाळची पाळी संपवून आलेली. दोरीवर कपडे घालत होती. उलटा आलेला छर्रा तिच्या गालाला लागला होता. डोळ्याखाली दोन बोटं. रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि ती नर्सच असल्यामुळे टॉवेल गालावर घट्ट दाबून शांत उभी होती. वेलाखाली मी टाकलेला माझाच बागकामाचा हातमोजा पडला होता. त्याला मी उंदीर समजलो होतो.

"काका, काय केलंत हे?" ती म्हणाली.

त्याच क्षणी सांगायचं होतं. ताई, मला दिसत नाही, एवढे तीन शब्द. तोंडातून निघालं ते भलतंच. "रायफलीतच खोट आहे. साइट वाकडी बसवून दिलीय त्या माणसानं."

"मग उद्या माझ्याबरोबर त्या दुकानात चला," ती म्हणाली. "आणखी कुणाचा डोळा जायला नको."

आता आली का पंचाईत! दुकानात मिस्त्री पाच छर्रे मारणार, पाचही मधोमध लागणार, आणि माझी अब्रू सगळ्यांदेखत जाणार. संध्याकाळी ही भाजी आणायला गेली. मी हत्यारांचा डबा काढला. साइटचा तो स्क्रू इतका घट्ट होता की पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हर खाचेतून घसरला आणि माझ्या बोटाला लागला. दुसऱ्यांदा दात आवळून जोर केला तेव्हा हलला. अर्धा आटा फिरवला. साइट बोटाखाली डुगडुगू लागली. आयुष्यभर दोष शोधले होते, त्या दिवशी पहिल्यांदा एक तयार केला. मग डबा जागेवर ठेवला, हात धुतले आणि ही आल्यावर तिच्या पिशवीतल्या भाजीला नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुकानात मिस्त्रींनी रायफल हातात घेतली आणि सवयीनं साइटवर अंगठा दाबला. ती हलली. त्यांनी परत दाबला. परत हलली. तो चेहरा मी विसरू शकत नाही. स्वतःच्या घराचं दार उघडावं आणि आत भलतीच माणसं बसलेली असावीत, तसे ते बघत राहिले.

"मिस्त्री, हा स्क्रू तुम्हीच आवळला होता ना?" मालकानं विचारलं.

"हो."

"मग हे काय?"

नर्सताईच्या गालावर पट्टी होती. मिस्त्रींनी त्या पट्टीकडे बघितलं. मला वाटलं, आता हे खण उघडणार, माझा कागद काढणार आणि डोळ्याचं सगळ्यांसमोर सांगणार. पण त्यांचा हात खणाकडे गेलाच नाही.

"राहिला असेल," ते म्हणाले. "माझ्याकडून राहिला असेल. ताई, चुकलं माझं."

मालक घाबरला होता. ताईनं वर तक्रार केली तर दुकानाचं काय? "मिस्त्री, वय झालं आता तुमचं. उद्यापासून येऊ नका." सगळ्यांसमोर, एवढ्या सरळ. मिस्त्रींनी एप्रन काढला, घडी घातली, बाकावर ठेवला. कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढून घडीवर ठेवला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर सगळं थांबलं असतं.

रायफल मालकानं परत घेतली. परतताना नर्सताई म्हणाली, "वाईट वाटलं हो त्यांचं. पण असा माणूस तिथे नकोच."

"हं," मी म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण म्हणालो.

पुढे मी माझी समजूत घालत राहिलो. मिस्त्रींना सगळं कळलंय, थोर मनानं गप्प बसले, मालक आठ दिवसांत त्यांना बोलावून घेईल, मी कशाला मध्ये पडू? दुकानावरून जायचं झालं तर पलीकडच्या फुटपाथनं जायचो. टोमॅटोंकडे बघवेना. उंदरांनी वेलावरचा भोपळाही पोखरला, मी हू की चू केलं नाही. ही म्हणाली, "तब्येत बरी आहे ना? दोन महिने झाले, कशाला नावं ठेवली नाहीत."

मग एका सकाळी मी कपाच्या शेजारी चहा ओतला. कपात नाही, शेजारी. चांगला पाऊण कप. ती बघत होती. तिनं फडकं आणलं, पुसलं आणि त्याच दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "चांगला दीड-दोन वर्षं जुना आहे हा मोतीबिंदू. इतके दिवस कळलं कसं नाही?"

बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे ती रायफल आणलीत तेव्हाही तुम्हाला दिसत नव्हतं."

"नव्हतं."

"मग त्या मिस्त्रींची काय चूक होती?"

मी सांगितलं. स्क्रूचंही सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही, हेच वाईट. ऑपरेशन होईपर्यंत "जेवायला या" आणि "थेंब घातले का" याच्यापलीकडे माझ्याशी बोलली नाही. पट्टी काढली तेव्हा मला पहिल्यांदा स्वच्छ दिसला तो तिचा चेहरा, आणि तो दुसरीकडे वळलेला होता.

"दिसतंय ना आता?" ती म्हणाली. "मग चपला घाला."

आधी नर्सताईकडे गेलो. तिच्या गालावर डाळीएवढा व्रण राहिलाय. तिनं सगळं ऐकून घेतलं. "माझा गाल भरला काका," ती म्हणाली. "त्यांचं काय?"

मग दुकानात. मालक ऐकत असताना त्याचा चेहरा लाल होत गेला. "हे आत्ता सांगताय?" म्हणाला. मागच्या खोलीत बाकावर एप्रन तसाच होता, घडी घातलेला. त्यानं खणातून एक पाकीट काढून माझ्यापुढे टाकलं. "जाताना मिस्त्री गिऱ्हाइकांनी न नेलेले कागद ज्याच्या त्याच्या नावाच्या पाकिटात घालून गेले. तुमचं नाव त्यांना माहीत नव्हतं."

पाकिटावर लिहिलं होतं: 'घाईत असलेले साहेब'.

आत तो कागद. चार भोकं, सगळी कडेला. कोपऱ्यात पेन्सिलीनं: 'उजवा डोळा डॉक्टरांना दाखवून घ्या. रायफल नंतर घ्या.' त्या ओळीवर शाईनं एक सरळ रेघ मारलेली. आणि खाली शाईनंच: 'डोळ्याचं लिहिलं ते चुकीचं होतं. स्क्रू माझ्याकडूनच राहिला. माफ करा.'

मी तो कागद दोनदा वाचला. म्हणजे थोर मनाबिनाचं काही नव्हतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मिस्त्रींचं घर जवळच होतं. थोरल्या बहिणीनं दार उघडलं. दुकानातून आलोय असं समजून दारातच हळू आवाजात म्हणाली, "काम आणलं असेल तर परत न्या. लोक रॅकेटी विणायला घेऊन येतात, हा हात लावत नाही. दाराची कडी लावली का म्हणून चार-चारदा उठून बघतो. शेगडी बंद केली का म्हणून मला विचारतो. असा नव्हता हो."

मिस्त्री खिडकीपाशी बसले होते. माझा काळा चष्मा बघून म्हणाले, "ऑपरेशन झालं का? बरं झालं."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसायला ते म्हणाले होते, पण बसवेना. "मिस्त्री, स्क्रू घट्ट होता. मी सैल केला. दुकानात आलो त्याच्या आदल्या संध्याकाळी, माझ्या घरी, माझ्या हातानं. अर्धा आटा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते.

"घट्ट होता?"

"घट्ट होता. इतका की माझा स्क्रूड्रायव्हर पहिल्यांदा घसरला."

"घसरला?"

"घसरला. बोटाला लागलं माझ्या."

त्यांनी आत हाक मारली, "ताई, जरा बाहेर ये." ती पदराला हात पुसत आली. मिस्त्री मला म्हणाले, "आता परत सांगा. हिच्यासमोर सांगा."

मी परत सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. घट्ट होता, घसरला, अर्धा आटा. ती बाई म्हणाली, "तीन महिने हा स्वतःच्या हातांना भीत होता. तुम्हाला आज वेळ मिळाला?"

"मालक म्हणालाय, जागा तुमचीच आहे," मी कसंबसं म्हणालो.

"बघू या," मिस्त्री म्हणाले. मग माझ्या हातातला कागद त्यांनी मागून घेतला. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून पेन उघडलं आणि खालच्या माफीच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. वर डोळ्याची ओळ होती तिच्या शेजारी लिहिलं, 'हे बरोबर होतं.' शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. घडी घालून कागद दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"हा तुमचा," ते म्हणाले.

या वेळी मी तो घेतला. दोन्ही डोळ्यांनी मला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि मान काही वर करवत नव्हती.